वखार कोणाच्या हाती बांधावी?

वखार म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा, अशी सर्वसामान्य समजूत आहे. घर बांधताना दहा जणांचा सल्ला घेणारा गृहस्थसुद्धा वखारीचे काम मात्र सर्वांत कमी आकडा लिहिणाऱ्याच्या हवाली करून मोकळा होतो. या समजुतीची किंमत पुढे कित्येक वर्षे मोजावी लागते. आणि ती एकट्या मालकाला नव्हे, तर ज्यांचे धान्य, कापड वा औषधे त्या छपराखाली विश्वासाने ठेवलेली असतात, त्या सर्वांना.

दिल्लीच्या नैर्ऋत्येस असलेल्या द्वारकेचा परिसर या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. दिल्ली विकास प्राधिकरणाने वसविलेल्या या उपनगराजवळ विमानतळ आहे. द्वारका द्रुतगती मार्गाच्या हरियाणातील भागाचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये, तर दिल्लीतील भागाचे ऑगस्ट २०२५ मध्ये झाले. अशा ठिकाणी माल साठविण्याच्या जागेला मागणी यावी, हे ओघानेच आले. परंतु येथील भूमी तितकी सोपी नाही. माती गाळाची, काही भागांत भूजल बरेच वर, आणि दिल्ली भूकंपप्रवण प्रदेशात मोडणारी. विमानतळाच्या सान्निध्यामुळे इमारतीच्या उंचीलाही परवानगी लागते.

वखारीचा खरा प्राण तिच्या जमिनीत असतो. एक साधा हिशोब करून पाहावा. मांडणीच्या एका खणात चार फळ्या असून प्रत्येकीवर दोन टन माल ठेवला, तर आठ टनांचा भार चार खांबांवर येतो. आतल्या खांबाला शेजारच्या खणाचाही वाटा उचलावा लागतो. म्हणजे तळहाताएवढ्या लोखंडी पट्टीवर सुमारे चार टन! खालचा भराव नीट दाबलेला नसेल, तर फरशी खचते, मांडणी कलते आणि तिच्यामध्ये वावरणाऱ्या हमालाच्या जिवावर बेतते. काँक्रीट पसरणे सोपे जावे म्हणून त्यात जादा पाणी ओतले, किंवा नंतर पुरेसे दिवस पाणी मारले नाही, तर मालगाडीच्या लहान चाकांखाली सांध्यांच्या कडा तुटू लागतात.

दुर्दैव असे, की भराव, पाया आणि काँक्रीट यांतली काटकसर काम पुरे होताच झाकली जाते. कमी आकडा पुष्कळदा तेथूनच निघतो. यास्तव निविदा मागविण्यापूर्वी मातीची तपासणी करून घ्यावी, स्वतंत्र अभियंत्याकडून आराखडा व कामाचे परिमाणपत्रक तयार करून घ्यावे, आणि सर्वांकडून त्याच एका परिमाणपत्रकावर दर मागवावेत. तसे न केल्यास एकाने जाड फरशीचा आणि दुसऱ्याने पातळ फरशीचा भाव दिलेला असतो, आणि मालक मात्र दोन आकड्यांचीच तुलना करीत बसतो.

पात्रता पाहण्याचा एक दंडक सरकारी कामांत रूढ आहे. गेल्या सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या किमान ४० टक्के रकमेची तीन, अथवा ८० टक्के रकमेचे एक तत्सम काम पुरे केलेले असावे. यांतील ‘तत्सम’ हा शब्द महत्त्वाचा. दहा मजली घरे बांधणाऱ्याला वखारीची सपाट, विस्तीर्ण फरशी जमेलच असे नाही. कागदोपत्री दाखल्यांपेक्षाही मोलाची गोष्ट म्हणजे कंत्राटदाराने तीन-चार वर्षांपूर्वी बांधलेली एखादी वखार भर पावसात पाहून येणे. तेथे मालकाला विचारण्याआधी राखणदाराला आणि हमालाला विचारावे: पाणी कोठून शिरते? गाडी कोठे अडखळते? दुरुस्तीसाठी बोलाविल्यावर कंत्राटदार आला होता काय?

करारात पैशाचे हप्ते प्रत्यक्ष झालेल्या कामाशी बांधलेले असावेत. काँक्रीटच्या ठोकळ्यांची २८ दिवसांची चाचणी कोण करील, दोषदुरुस्तीची मुदत किती, आणि तोवर किती रक्कम राखून ठेवायची, हे आधीच लिहिलेले बरे. दिल्लीत हिवाळ्यात हवा फार दूषित झाली की बांधकामावर निर्बंध येतात. ते दिवस कोणाच्या खाती धरायचे, हेही ठरलेले असावे. बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेसाठी १९९६ मध्येच केंद्रीय कायदा झाला होता. उंचावर पत्रे बसविणाऱ्या मजुराच्या कमरेला पट्टा नसेल, तर ती बचत मालकानेही नाकारली पाहिजे.

सर्वांत स्वस्त निविदा नेहमीच वाईट असते असे नाही. परंतु ती स्वस्त का, याचे उत्तर मिळेपर्यंत तिच्यावर सही होऊ नये. वखार हा विश्वासाचा व्यवहार आहे. दूरच्या शेतकऱ्याने किंवा व्यापाऱ्याने माल तेथे ठेवला, की तो निर्धास्त झोपतो. त्याची ती झोप शेवटी डोळ्यांना न दिसणाऱ्या भरावावर अवलंबून असते. तो भराव प्रामाणिकपणे घालणारा माणूस शोधणे, हीच वखारीची खरी पायाभरणी होय.