मवाळांचे इंग्रज मित्र: समज आणि सत्य

इटलीचे स्वातंत्र्य म्हटले की मराठी वाचकाला क्रांतिकारक मॅझिनी आठवतो. सावरकरांनी 1907 मध्ये त्याला मराठीत आणले, त्याचा हा ठसा. लंडनच्या लिबरलांचा लाडका मात्र वेगळा होता: पिडमाँटचा पंतप्रधान काव्हूर, इंग्रजी पार्लमेंटचा चाहता आणि क्रांतीपासून चार हात दूर राहणारा. 1851 मध्ये ग्लॅडस्टनने नेपल्सच्या तुरुंगांची लक्तरे वेशीवर टांगली. 1860 मध्ये परराष्ट्रमंत्री रसेलने इटलीच्या एकीकरणाला उघड पाठिंबा दिला.

मग लिबरल सत्तेवर आले की हिंदी मवाळांचेही भले होणार, हा समज ओघानेच आला. तो खुद्द मवाळांचे नेते गोखले यांचाही होता. ग्लॅडस्टनचे चरित्रकार जॉन मोर्ले डिसेंबर 1905 मध्ये भारतमंत्री झाले, तेव्हा बनारस काँग्रेसच्या अध्यक्षपदावरून गोखल्यांनी त्यांच्याविषयी मोठी आशा बोलून दाखवली. पण वंगभंग, म्हणजे बंगालची फाळणी, ही ठरून गेलेली गोष्ट आहे, असे मोर्ले म्हणाले. डिसेंबर 1908 मध्ये उमरावांच्या सभागृहात त्यांनी सांगूनच टाकले की, हिंदुस्थानात पार्लमेंट आणणाऱ्या सुधारणा असतील तर आपला त्यांच्याशी संबंध नाही. इटलीतले जोखड ऑस्ट्रियाचे होते, इथले इंग्रजांचे स्वतःचे. दुसऱ्याच्या दावणीची गाय सोडायला उदारपणा फारसा लागत नाही! शिवाय काव्हूरच्या हाती राज्य होते, फौज होती. गोखल्यांच्या हाती अंदाजपत्रकावरचे भाषण.

मवाळ म्हणजे नुसत्या अर्जविनंत्या, हेही अर्धेच खरे. साऱ्याच्या थकबाकीत जप्त झालेली जमीन परत देताना ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा हक्क काढून घेणारे विधेयक 1901 मध्ये आले, तेव्हा फिरोजशहा मेहता आणि गोखले मुंबई कौन्सिलातून उठून बाहेर पडले.

मवाळांना शेतकरी ठाऊकच नव्हता, असे नगर जिल्ह्यात तरी कुणी म्हणू नये. सनदी अधिकारी आणि पुढे लिबरल खासदार झालेले वेडरबर्न यांनी मवाळ नेते रानडे यांच्या साथीने पुरंदर तालुक्यासाठी शेतकरी बँकेची योजना मांडली होती. ती लंडनमध्ये अडली. गोखल्यांच्या नावाने पुण्यात 1930 मध्ये अर्थशास्त्राची संस्था निघाली. तिचे संचालक धनंजयराव गाडगीळ पुढे याच नगर जिल्ह्यातल्या लोणीत, विठ्ठलराव विखे पाटलांनी उभारलेल्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले.