एका पेशीची पोथी

हिवतापाचा जंतू म्हणजे अवघ्या एका पेशीचा जीव. पण त्याची सोंगे पाहिली तर आपल्या गावात येणारा बहुरूपीही हात जोडील! डासाच्या लाळेतून अंगात उतरतो तेव्हा तो सुईसारखा बारीक असतो. यकृतात शिरला की फुगतो आणि एकाचे हजारो होतात. मग तांबड्या रक्तपेशीत अंगठीसारखा दिसतो; आणि फाल्सिपेरम या घातक जातीत त्यांतलेच काही पुढे चंद्रकोरीचा आकार घेतात.

शिक्षक मंडळी विचारतील, रूपे इतकी, तर प्रत्येकाची जनुके निराळी असतील काय? मुळीच नाही. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे घडवावे याचा लेखी पाठ. फाल्सिपेरमची ही पोथी २००२ साली वाचून झाली: १४ गुणसूत्रे आणि त्यांवर पाच हजारांवर जनुके. प्रत्येक रूपाजवळ अख्खी पोथी असते. कोणत्या मुक्कामी कोणता अध्याय उघडायचा आणि कोणता बासनात बांधून ठेवायचा, एवढाच काय तो फरक.

हे बांधणे खरोखरीचे असते बरे का. नको असलेल्या जनुकाचा धागा प्रथिनांभोवती घट्ट गुंडाळलेला राहतो. रक्तपेशीला बारीक रक्तवाहिनीच्या भिंतीशी चिकटवणारी सुमारे ६० जनुके या जंतूपाशी आहेत. पण एका वेळी त्यांतले एकच उघडे. आपले शरीर ती खूण ओळखून मारा करू लागते, तोवर काही जंतूंनी दुसरे पान काढलेले असते. लबाडीच ही!

सर्वांत मोलाचे पान मात्र वेगळेच. २०१४ साली शास्त्रज्ञांनी दाखवले की एपी२-जी नावाचे एक प्रथिन नसेल, तर चंद्रकोरी तयारच होत नाहीत. एरवी त्याचे जनुक बंद असते. थोड्या जंतूंत ते उघडते, आणि ते प्रथिन पुढची कितीतरी पाने उघडीत जाते. मग तो जंतू वाढ सोडून नर किंवा मादी होण्याच्या मार्गाला लागतो. पुरते पिकायला त्याला दहा-बारा दिवस लागतात.

पिकलेली कोर आपल्या रक्तात स्वस्थ असते. डासाच्या पोटात गेली, की गारवा लागून ती जागी होते आणि काही मिनिटांत नर कोरीतून शेपटीसारखे धागे वळवळत बाहेर पडतात. १८८० साली अल्जीरियात फ्रेंच लष्करी डॉक्टर लावेराँ यांनी काचेवरच्या रक्तात नेमके हेच पाहिले. बाहेर काढलेले रक्त गार झाले होते, आणि कोरीला ते डासाचे पोटच वाटले!

या कोरींनी ताप येत नाही. तापावरच्या औषधाने रक्तातले वाढणारे जंतू मरतात, पण पिकलेल्या कोरी बहुधा तगून राहतात. म्हणून आपल्याकडे फाल्सिपेरमच्या रोग्याला दुसऱ्या दिवशी प्रायमाक्विनचा एक डोस वेगळा देतात. गरोदर बाई आणि तान्हे मूल यांना मात्र तो देत नाहीत. गडचिरोलीकडे आशाताई गोळी घेऊन आली, की एखादा म्हणतो, “आता मला काय झालंय? उतरला की ताप!” ताप उतरला हे खरे. पण ती गोळी त्याच्या तापासाठी नसतेच. त्याच्या अंगणात रात्री फिरणाऱ्या डासाला त्याच्या रक्तात काही सापडू नये, म्हणून ती असते.