बोगद्यात नेट नव्हतं

मार्च २०२०मध्ये लोकल बंद झाल्या आणि मी बरा झालो. निदान मला तसं वाटलं.

त्याआधीच्या नोव्हेंबरात सकाळची फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यात थांबली होती. फार नाही, तीन-चार मिनिटं. छातीत धडधड, बोटांना मुंग्या, आणि ‘संपलं आता’ एवढाच एक विचार. ठाण्याला उतरून रिक्षानं थेट हॉस्पिटल गाठलं. ईसीजी नॉर्मल. त्यानंतर मी फास्ट गाडी सोडली. मग स्लो गाडीतही दाराजवळचीच जागा, मग खिशात गोळी, हातात पाण्याची बाटली. हा बोगदा १९१६ सालचा, लांबी १.३ किलोमीटर. गाडी वेगात असली तर दीड मिनिटात पार होतो. मला तो कसाऱ्याच्या घाटाएवढा वाटायचा.

टाळेबंदीनं प्रश्नच मिटवला. टाळणं हाच माझा आजार होता आणि आता सरकारच सांगत होतं, टाळा. कोणी विचारायचं नाही, कारण द्यायचं नाही. पण भीतीला काहीतरी खायला लागतंच. घरात ऑक्सिमीटर आला आणि मी दिवसातून तीस-तीस वेळा बोट घालून आकडा बघू लागलो. ९८ दिसले तरी पाच मिनिटांनी पुन्हा बघायचंच.

जानेवारी २०२१मध्ये डॉक्टरांनी गोळ्यांच्या जोडीला सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून बदलण्याचे उपचार, सुचवले. थेरपिस्ट मॅडम नाशिकच्या. आजतागायत त्यांना मी प्रत्यक्ष पाहिलेलं नाही. दर शनिवारी अकराला, पन्नास मिनिटं, व्हिडिओवर. डॉक्टरांनी व्हिडिओवरून तपासण्याची केंद्र सरकारची मार्गदर्शक तत्त्वं २५ मार्च २०२०ला, म्हणजे टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी आली. तरी दहा महिन्यांनंतरही मला ते जरा खोटं-खोटंच वाटत होतं. मनातलं बोलायचं ते मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून?

डब्याला, कारण दुसरी जागाच नव्हती. आमचं घर वन बीएचके. हॉलमध्ये मुलीची ऑनलाइन शाळा, बेडरूममध्ये बायकोचं ऑफिस. मला मिळाली स्वयंपाकघरालगतची गॅलरी, वॉशिंग मशीनशेजारी स्टूल. दार ओढून घ्यायचो, पण ते नीट लागत नसे. आतून कुकरच्या शिट्ट्या. “कोणाशी बोलतोयस रे?” आईनं पहिल्याच शनिवारी विचारलं. “ऑफिसचं काम आहे,” मी म्हणालो. त्यावर ती काही बोलली नाही. तिसऱ्या आठवड्यात पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “त्या बाईंनी दिलेला गृहपाठ झाला का?”

गृहपाठ म्हणजे वही. प्रसंग, भावना, मनात आलेला विचार, त्याच्या बाजूचा पुरावा, विरुद्धचा पुरावा. आधी मी इंग्रजीत लिहायचो. ते कोणा दुसऱ्याचंच दुखणं वाटायचं. ‘जीव वर-खाली होतो’ असं लिहू लागलो तेव्हा वही माझी झाली. वहीच्या पानाचा फोटो पाठवायचा, मॅडम लाल रंगानं खुणा करून परत पाठवायच्या. त्यांची सगळी लाल वर्तुळं ‘च’भोवती. ‘मला हार्ट अटॅक येणारच.’ ‘मी शांत दिसलोच पाहिजे.’ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठीत आणली, तेव्हापासून हा ‘च’ आपल्याकडे बदनाम आहे. इंग्रजीला ज्यासाठी अख्खा शब्द लागतो, ते आपण एका अक्षरात उरकतो. त्यामुळे ते लक्षातही येत नाही.

पडद्यावरच्या उपचाराची खोट मला पाचव्या शनिवारी कळली. मॅडमना माझे फक्त खांदे आणि चेहरा दिसायचा. थरथरणारे पाय खाली. आणि स्टुलाशेजारी, चौकटीच्या बाहेर, पाण्याची बाटली. मी त्यांना छातीठोकपणे सांगत होतो, बाटली सोडली म्हणून! मुलगी मध्येच आली आणि “बाबा, भरून आणली” म्हणत ती माझ्या हातात देऊन गेली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, “बरं झालं. आता फोन जरा मागे सरकवा, मला सगळं दिसू दे.” त्यांच्या क्लिनिकात गेलो असतो तर बाटली पिशवीत राहिली असती आणि मीही साळसूदपणे बसलो असतो.

मग गिरक्या. घाबरलं की आपण भराभर श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यातून मुंग्या आणि गरगर. शरीर एवढंच करतं. मरणाचा अर्थ आपण चिकटवतो. म्हणून तीच गरगर मुद्दाम आणायची. फिरती खुर्ची घरात नव्हती, तेव्हा दोघांनी उभं राहून फुगडीसारख्या गिरक्या घेतल्या. मॅडमच्या हेडफोनची वायर त्यांच्याच गळ्याभोवती गुंडाळली गेली. आई दारातून बघत होती.

फेब्रुवारीत लोकल ठरावीक वेळांत सर्वांसाठी सुरू झाल्या आणि आमची शिडी ठरली. डोंबिवलीच्या पुलावर दहा मिनिटं उभं राहायचं. मग कोपरपर्यंत. मग दिव्यापर्यंत. दुपारच्या रिकाम्या गाड्या यासाठी उत्तम. मुंब्र्याला पोचलो तोवर एप्रिल आला, दुसरी लाट आली आणि सामान्य प्रवाशांसाठी गाड्या पुन्हा बंद. मला आनंद झाला, आणि तो आनंद मी वहीत लिहिला, पुराव्यासकट. दोन डोसवाल्यांना १५ ऑगस्टपासून प्रवेश मिळाला, तेव्हा शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, तुम्ही ज्यांची कोष्टकं भरता ते आरन बेक गेले, शंभर वर्षांचे होऊन. त्याच महिन्यात एका दुपारी फास्ट गाडीत बसलो. कानात इयरफोन, पलीकडे मॅडम, फक्त आवाज. दिवा मागे पडलं. “आता बोगदा,” मी म्हणालो. “मी आहे,” असं त्या म्हणाल्या आणि नेट गेलं.

खिडकीतला काळोख, चाकांचा दुप्पट झालेला आवाज, बोटांना मुंग्या. बाटली नव्हती, मॅडमही नव्हत्या. समोरचे काका भेळेचा कागद नीट घडी घालून खिशात ठेवत होते. मी ती घडी बघत राहिलो. मग उजेड.

“भीती शंभरपैकी किती?” फोन परत लागल्यावर पहिला प्रश्न.

“सत्तर. बाहेर येईपर्यंत पन्नास.”

त्यांनी बहुतेक लिहून घेतलं. पेनचा आवाज आला.

त्यानंतर मी सहा वेळा बोगद्यातून गेलो. सातव्यांदा जायच्या आत, २०२२च्या सुरुवातीला, ठाणे-दिवा दरम्यानच्या नव्या मार्गिका सुरू झाल्या. फास्ट लोकल मुंब्र्याच्या बाजूनं धावू लागल्या आणि बोगदा मेल-एक्स्प्रेसकडे गेला. शनिवारी ही बातमी मी जरा जास्तच उत्साहानं सांगितली. मॅडम थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या, “कल्याणहून ठाण्याला एखादी एक्स्प्रेस मिळेल ना?”

मी उत्तर शोधत होतो, तेवढ्यात दाराच्या फटीतून आवाज आला, “मिळतात की भरपूर. जाऊन ये. आणि बाटली घरी ठेव हो.”