क्रियापदांचे अर्धायुष्य

'गो-वेंट-गॉन', 'टीच-टॉट-टॉट' ही तीन-तीन रूपांची यादी तुम्हीही पाठ केली असेल. मी आठवीत असताना चाचणी परीक्षेत 'टीच'चा भूतकाळ 'टीच्ड' असा लिहिला. वर्गात हशा पिकला. गुण तर गेलेच, शिवाय बरोबर रूप पन्नास वेळा लिहावे लागले. "वॉकचे वॉक्ड होते, मग टीचचे टीच्ड का नाही?" असे मी भीतभीत विचारले. उत्तर मिळाले, "ते तसंच असतं. पाठ करायचं." आपल्याला इंग्रजीचे डोकेच नाही, अशी माझी त्या दिवशी खात्री झाली आणि ती पुढे कित्येक वर्षे टिकली.

आज मी महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. गंमत अशी, की त्या जुन्या प्रश्नाचे उत्तर मला किरणोत्सर्गाचा धडा शिकवता शिकवता सापडले. ते कसे, हे पाहू या.

गळ्यावर बोट ठेवा

आधी नियम समजून घेऊ. इंग्रजीतील बहुतेक क्रियापदांचा भूतकाळ करताना शेवटी 'ई' आणि 'डी' ही अक्षरे जोडतात. लिहिताना हा प्रत्यय एकच दिसतो. पण बोलताना त्याचे तीन उच्चार होतात. एक सोपा प्रयोग करा. कंठावर हलकेच बोट ठेवा आणि 'स्ऽऽऽ' असा लांब आवाज काढा. आता भुंग्यासारखा 'झ्ऽऽऽ' असा आवाज काढा. दुसऱ्या वेळी बोटाला कंप जाणवेल, पहिल्या वेळी जाणवणार नाही. हा कंप स्वरतंतूंचा.

क्रियापदाचा शेवटचा ध्वनी कंपाविना असेल, तर प्रत्ययही कंपाविना, म्हणजे 'ट' होतो. 'वॉक'चे 'वॉक्ट', 'वॉश'चे 'वॉश्ट'. शेवटचा ध्वनी कंपाचा असेल, तर 'ड' होतो. 'प्ले'चे 'प्लेड', 'ओपन'चे 'ओपन्ड'. आणि शेवटी मुळातच 'ट' किंवा 'ड' असेल, तर मध्ये एक छोटा स्वर घालावा लागतो: 'वॉन्ट'चे 'वॉन्टिड'. 'वॉकेड' असा उच्चार आपल्याकडे पुष्कळ ऐकू येतो. तो का चुकतो, हे आता तुमचे बोटच सांगेल.

इंग्रजी घरातील मुलांना हा नियम कोणी शिकवत नाही. अमेरिकेतील जीन बर्को या संशोधिकेने १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना बनावट क्रियापदे दिली होती. 'रिक' हे त्यांपैकी एक. "या माणसाला रिक करता येते. कालही त्याने तेच केले. काल त्याने काय केले?" 'रिक' हा शब्द भाषेत नाहीच, म्हणजे त्याचा भूतकाळ पाठ असण्याचा प्रश्नच नव्हता. तरी बऱ्याच मुलांनी बिनचूक 'रिक्ट' असे सांगितले. नियम त्यांच्या डोक्यात तयार झालेला होता! हीच मुले 'वेंट'ऐवजी 'गोड' असेही म्हणतात. आपल्या घरातले लहान मूल 'केलं' म्हणायच्या जागी 'मी करलं' म्हणते, तसेच हे. ही चूक मंदबुद्धीची नव्हे. नियम सापडल्याची ती खूण आहे.

अपवाद की अवशेष?

मग 'वेंट' आणि 'टॉट' आले कोठून? सुमारे १,२०० वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत कितीतरी क्रियापदांचा भूतकाळ शब्दातील स्वर बदलून होत असे. 'सिंग-सँग', 'ड्रिंक-ड्रँक' ही त्या जुन्या नियमाची शिल्लक उरलेली रूपे. 'हेल्प' हे क्रियापदही त्याच गटातले. त्याचा भूतकाळ एके काळी 'होल्प' असा होता. 'वेंट' हा तर मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. 'गो'चे स्वतःचे जुने रूप मागे पडले आणि त्याच्या जागी 'वेंट' येऊन बसले.

आणि माझे 'टीच'? त्याच्या भूतकाळाच्या स्पेलिंगमध्ये शेवटी जो 'टी' आहे, तो नियमित प्रत्ययाचाच झिजलेला अवशेष आहे. मधले ध्वनी शतकानुशतके बदलत गेले, म्हणून मूळ नियम ओळखू येईनासा झाला. म्हणजे मी आठवीत लावलेला नियम जुन्या इंग्रजीनेही लावला होता!

अणू आणि क्रियापदे

किरणोत्सारी पदार्थाचे अर्धायुष्य तुम्हाला ठाऊक असेल. जितक्या काळात त्यातील निम्म्या अणूंचे रूपांतर होते, तो काळ म्हणजे अर्धायुष्य. कार्बन-१४ चे अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे आहे. २००७ साली हार्वर्ड विद्यापीठातील एरेझ लिबरमन, मार्टिन नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच कल्पना क्रियापदांना लावली. त्यांनी जुन्या इंग्रजीतील १७७ अनियमित क्रियापदे घेतली. सुमारे ८०० वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्यांपैकी १४५ अनियमित राहिली होती, आणि आज ९८ उरली आहेत. बाकीची एकेक करून नियमाच्या रांगेत आली.

कोणती आली? मुख्यतः कमी वापरातील. त्यांना आढळलेले सूत्र असे: क्रियापदाचे अर्धायुष्य त्याच्या वापराच्या वारंवारतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. एखादे क्रियापद दुसऱ्यापेक्षा १०० पट कमी वापरात असेल, तर ते १० पट वेगाने नियमित होते. 'ड्रिंक', 'स्पीक', 'राइट' यांच्या गटाचे अर्धायुष्य सुमारे ५,४०० वर्षे निघाले, म्हणजे जवळजवळ कार्बन-१४ इतके! अगदी विरळ वापराच्या क्रियापदांचे मात्र अवघे ३०० वर्षे.

कारण उघड आहे. 'वेंट' रोज शंभरदा कानावर पडते, म्हणून ते विसरता येत नाही. जो शब्द वर्षातून एकदा ऐकू येतो, त्याचे खास रूप आठवत नाही. मग जीभ आपोआप नियमाकडे वळते. इंग्रजीतील ३ टक्क्यांहूनही कमी क्रियापदे आज अनियमित आहेत; पण सर्वाधिक वापरातील दहाच्या दहा अनियमितच आहेत.

अर्थात अणूंची उपमा फार ताणू नये. कोणता अणू केव्हा फुटेल हे जसे सांगता येत नाही, तसेच कोणते क्रियापद केव्हा बदलेल हेही सांगता येत नाही. 'हेल्प' तर भरपूर वापरात असूनही नियमित झाले. शिवाय फुटलेला अणू मागे फिरत नाही, क्रियापद फिरू शकते. 'डिग'चा भूतकाळ पूर्वी 'डिग्ड' होता, आता 'डग' आहे.

सर्वनामांचीही तीच कथा

इंग्रजीत 'राम' कर्ता असो वा कर्म, शब्द बदलत नाही. पण 'आय'चे 'मी' होते, 'ही'चे 'हिम' आणि 'वी'चे 'अस'. जुन्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीची रूपे होती. ती झडली, सर्वनामे मात्र प्रत्येक वाक्यात हवीत, म्हणून त्यांची टिकली. तीही पूर्णपणे नव्हेत. 'कोण आहे?' या प्रश्नाला व्याकरणाच्या जुन्या पुस्तकांप्रमाणे 'इट इज आय' हे उत्तर. पण लोक सर्रास 'इट्स मी' असेच म्हणतात.

पूर्वी भूतकाळाचे रूप सर्वनामाच्या वचनाप्रमाणे बदलत असे. आज 'आय सँग' आणि 'वी सँग' यांत फरक नाही. हा फरक फक्त एका क्रियापदात उरला: 'आय वॉज', 'वी वेअर'. ते क्रियापद कोणते? सर्वांत जास्त वापरले जाणारे! आणि एकाच माणसाला 'यू वेअर' का? 'यू' हे मुळात अनेकवचन. आपण गुरुजींना 'तुम्ही होता' म्हणतो, त्याप्रमाणे ते आदरार्थी रूढ झाले आणि 'दाउ' हे 'तू'सारखे एकवचन मागे पडले. क्रियापद मात्र अनेकवचनीच राहिले.

आता आपल्या भाषेकडे पाहा. बसला, उठला, पडला ही नियमित रूपे. पण जा-गेला, ये-आला, कर-केले, दे-दिले. हीदेखील रोजच्या वापरातलीच! आणि 'म्हटलं'ऐवजी 'म्हणलं' असे बोलणारे कितीतरी लोक तुम्हाला आसपास भेटतील. म्हणजे नियमाकडची ही वाटचाल आपल्या डोळ्यांदेखत, खरे तर कानांदेखत, चालू आहे.

तुम्हीही एक प्रयोग करा. इंग्रजी वर्तमानपत्रातील एखादी बातमी घेऊन तिच्यातील भूतकाळी क्रियापदे मोजा. अनियमित रूपांपैकी कोणती वारंवार येतात, याचा तक्ता करा. पाठ करायची यादी त्या क्रमाने लावलीत, तर श्रम निम्मे होतील.

यादी पाठ करावी लागेलच. परीक्षेत 'टीच्ड' अजूनही चूकच आहे. पण शिक्षक मित्रहो, एखाद्या मुलाने ते लिहिलेच, तर दुरुस्त करण्याआधी एवढे जरूर सांगा, "नियम तुला बरोबर सापडला आहे." मला ते कळायला पंचवीस वर्षे लागली.