परकीय भांडवलाचा पाझर आणि यवतमाळचा कापूस

परकीय गुंतवणुकीविषयी आपल्या चळवळीत दोन सुरांत बोलले जाते. पहिला सूर जुना आहे. त्यात परकीय भांडवल म्हणजे साम्राज्यवाद, एवढे म्हटले की चर्चा संपते. दुसरा सूर अलीकडचा, आपल्याच शिकलेल्या मुलांचा. परकीय कंपनी जात विचारत नाही, तेव्हा ती आलेली बरी, असे ही मुले म्हणतात. आलेले भांडवल गावापर्यंत कोणत्या वाटांनी उतरते आणि वाटेत ते कोण अडवून घेते, याचा तपास मात्र दोन्हीकडचे लोक करीत नाहीत. तो तपास आपण यवतमाळ जिल्ह्यापुरता करून पाहू. सव्वाशे वर्षांत या जिल्ह्यात परकीय भांडवल आगगाडीच्या रूपाने आले, बियाणे-औषधांच्या रूपाने आले आणि डेनिम कापडाच्या रूपाने आले. तिन्ही वेळा ते आले कापसासाठी.

आधी शब्दाचा अर्थ पाहू. परदेशातील कंपनी इथे कारखाना काढते, किंवा इथल्या कंपनीत कारभारावर वजन पडेल इतका हिस्सा विकत घेते, तेव्हा तिला थेट परकीय गुंतवणूक म्हणतात. साधारणपणे दहा टक्के वा त्याहून अधिक हिस्सा असला की ती थेट समजली जाते. शेअरबाजारात आज आलेला आणि उद्या गेलेला पैसा यात धरीत नाहीत. थेट गुंतवणुकीबरोबर यंत्र येते, तंत्र येते, कारभाराची रीत येते. अर्थशास्त्रज्ञांचे म्हणणे असे की, हे सारे त्या कंपनीच्या कुंपणात कोंडून राहत नाही. तिथे शिकलेला कामगार दुसरीकडे जातो. तिला माल पुरवणारा इथला कारखानदार सुधारतो. तिची चढाओढ सोसताना जुने उद्योग हातपाय हलवू लागतात. नफा मालकाच्या खिशात गेला तरी काही अंश आजूबाजूला झिरपतो. या झिरपण्याला आपण पाझर म्हणू.

पाझर हा शब्द आपल्या लोकांना नवा नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि नंतर रोजगार हमीवर महाराष्ट्रभर पाझर तलाव खोदले गेले. या तलावातले पाणी पाटाने वाहून न्यायचे नसते. ते जमिनीत मुरावे आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागावे, अशी योजना असते. पाणी मुरले, विहिरीही भरल्या. पण विहीर ज्याची, पाणी त्याचे. तलाव खोदणारा मजूर भूमिहीन होता. त्याला खोदल्याची मजुरी मिळाली, पाण्याशी त्याचा संबंध आला नाही. तलाव खोटा होता असे म्हणता येत नाही, आणि तो सर्वांचा होता असेही म्हणता येत नाही. परकीय भांडवलाच्या पाझराचे गणित याहून फारसे वेगळे नाही.

या विषयावर जगभर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्षही एकमुखी नाहीत. एटकेन आणि हॅरिसन यांनी १९९९ साली व्हेनेझुएलातील कारखान्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. परकीय हिस्सा असलेले कारखाने सुधारले, पण त्याच धंद्यातील देशी कारखान्यांची उत्पादकता घसरली, असे त्यांना आढळले. उलट यावोर्चिक यांना २००४ मध्ये लिथुआनियात असे दिसले की, परकीय कंपनीला माल पुरवणाऱ्या देशी कारखान्यांना लाभ होतो. याचा अर्थ असा की पाझर आपोआप होत नाही. घेणाऱ्याच्या अंगी घेण्याची ताकद असावी लागते. अर्थशास्त्रात तिला ग्रहणक्षमता म्हणतात आणि शिक्षण, पतपुरवठा, रस्ते, वीज यांवर ती मोजतात. आपल्या देशात ही प्रत्येक गोष्ट जातीच्या हिशेबाने वाटली गेलेली आहे, ही बाब त्या मोजणीत सहसा येत नाही.

आता आगगाडीकडे वळू. किलिक, निक्सन आणि कंपनी या ब्रिटिश पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि १९०३ च्या सुमारास यवतमाळ ते मूर्तिजापूर असा अडीच फूट रुंदीचा मार्ग बांधला. लोक तिला शकुंतला म्हणतात. लाडखेड, दारव्हा, कारंजा या भागांतला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर पोचवायचा, तिथून मुंबईला आणि मुंबईहून जहाजाने मँचेस्टरला न्यायचा, एवढ्यासाठी हा मार्ग. गाडीचे वाफेचे इंजिनही मँचेस्टरचेच, १९२१ साली बनवलेले. ते सत्तर वर्षांहून अधिक काळ धावले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. १९५१ साली रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा हा मार्ग त्यातून सुटला. मालकी कंपनीचीच राहिली आणि स्वतंत्र भारताची रेल्वे तिच्या रुळांवर गाडी चालवून तिला मोबदला देत राहिली. आता ती गाडी धावत नाही. तिच्याविषयी हळहळून लिहिणारे पुष्कळ आहेत. आपण तिचा हिशेब पाहू.

या भांडवलातून जिल्ह्याला काय मिळाले? जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, बाजारपेठा वाढल्या, अडत्यांच्या पेढ्या झाल्या. पण सूत आणि कापड इथे झाले नाही. रुईच्या गाठी गेल्या आणि कापड परत आले. हान्स सिंगर यांनी १९५० साली एक मुद्दा मांडला होता. निर्यातीच्या कच्च्या मालासाठी मागास देशात घातलेले परकीय भांडवल भूगोलाने तिथे असले, तरी अर्थशास्त्राच्या दृष्टीने ते गुंतवणूक करणाऱ्या देशाचाच भाग असते. शकुंतलेच्या रुळांना हे वाक्य नेमके लागू पडते. दादाभाई नौरोजींनी संपत्तीच्या ज्या ओहोटीचा हिशेब मांडला, तिचा एक छोटा ओहोळ यवतमाळच्या स्टेशनातून वाहत होता.

एवढे म्हणून थांबलो तर मात्र आपण अर्धेच सत्य सांगितल्यासारखे होईल. जिनात, रेल्वेत, गिरणीत रोख मजुरी मिळे. बलुत्याच्या भाकरीवर जगणाऱ्या महाराला गावच्या पाटलाकडे न पाहता पोट भरता येते, हे प्रथम या रोख मजुरीने दाखवले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली. तिचे भांडवल देशी, टाटांचे होते. पण तिच्या सूतखात्यात आपली माणसे मोठ्या संख्येने होती आणि विदर्भातील दलित चळवळीला माणसे व वर्गणी पुरवण्यात या कामगारांचा वाटा मोठा आहे. हाही पाझरच होय. मात्र त्याला जिथे बांध घातला होता ती जागाही पाहिली पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, आणि तिथे अस्पृश्यांना प्रवेश नाही. कारण काय, तर धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडाने ओढावे लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. माग विलायतेहून आला होता, धोटा विलायतेहून आला होता, विटाळ मात्र इथला होता. तंत्र आले म्हणजे त्याच्याबरोबर समतेची रीतही येते, असे मानणाऱ्यांनी ही कांडी आठवावी.

दुसरी लाट बियाण्यांची. अमेरिकेच्या मोन्सँटो कंपनीने १९९८ मध्ये जालन्याच्या महिकोत २६ टक्के हिस्सा घेतला आणि दोघांची निम्म्या-निम्म्या भागीदारीची वेगळी कंपनी निघाली. २६ मार्च २००२ रोजी बीटी कापसाला केंद्राची परवानगी मिळाली. पुढे हे तंत्र चाळीसहून अधिक देशी बियाणे कंपन्यांना परवान्याने देण्यात आले. पाठ्यपुस्तकातला पाझर तो हाच. काही वर्षांतच देशातील नव्वद टक्क्यांहून अधिक कापूस बीटी झाला. देशाचे उत्पादन २००२-०३ मध्ये सुमारे १३६ लाख गाठी होते, ते २०१३-१४ मध्ये ४०० लाखांच्या घरात गेले. हे सारे एका जनुकाने केले असे नव्हे. गुजरातचे पाणी आणि चांगले पावसाळेही त्यात आहेत. पण काहीच झाले नाही असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अकोला जिल्ह्यातील कंझरा गावाचा सुब्रमणियन आणि क्वाईम यांनी केलेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वेचणी वाढल्यामुळे मजूर स्त्रियांचे कामाचे दिवस वाढले, असे त्यात दाखवले आहे. मजूर बाईला मिळालेला दिवस हा मिळालेलाच दिवस असतो.

पण विहिरी कोणाच्या भरल्या? बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटात तंत्राचे स्वामित्वशुल्क अंतर्भूत होते. सुरुवातीच्या काळात पाकीट सोळाशे रुपयांच्या आसपास होते. २००६ साली आंध्र प्रदेश सरकार मक्तेदारी आयोगापुढे गेले तेव्हा किंमत साडेसातशेवर आली. २०१६ मध्ये केंद्राने बोलगार्ड-२ चे पाकीट ८०० रुपये आणि त्यातले शुल्क ४९ रुपये ठरवून दिले. २०२० मध्ये शुल्क शून्य केले. म्हणजे सरकारला हात घालायचा होता तेव्हा तो घालता आला. दरम्यान नांदेडच्या संशोधन केंद्राचे एनएचएच-४४ यांसारखे सार्वजनिक संकरित वाण बाजारातून मागे पडले. सरकारी विद्यापीठांत पाझर झाला असता तर बोंडअळीला तोंड देणारे स्वस्त बियाणे कोरडवाहू शेतकऱ्याला वेळेवर मिळाले असते. तो पाझर कंपन्यांकडे वळला. संकरित बियाणे घरचे राखून चालत नाही. दरवर्षी कृषी केंद्राच्या फळीपुढे उभे राहावे लागते. तिथे रोख नसलेल्याला उधार मिळते, आणि उधारीचा भाव वेगळा असतो. मक्त्याने दोन-चार एकर करणाऱ्या बौद्ध, मातंग, बंजारा, कोलाम कुटुंबाकडे सातबारा नाही. बँकेचे पीककर्ज सातबाऱ्यावर मिळते. सातबारा नाही म्हणून बँक नाही, बँक नाही म्हणून सावकार किंवा दुकानदार. नवे तंत्र याच वाटेने त्याच्याकडे येते आणि येताना वाटेचा कर घेऊन येते.

एकदा मी वर्गात सहज विचारले, घरच्या कोणी दुसऱ्याच्या शेतात फवारणी केली आहे, त्यांनी हात वर करा. बरेच हात वर आले. घरचे कृषी केंद्र कोणाचे आहे, असे विचारल्यावर एक हात वर आला. ज्यांचे पहिले हात होते त्यांची आडनावे मला हजेरीपटावरून पाठ होती.

डेनिमची गोष्ट थोडक्यात सांगतो. यवतमाळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीत रेमंडचा डेनिम कारखाना १९९६ साली सुरू झाला आणि २००६ मध्ये बेल्जियमच्या यूको कंपनीशी त्याची निम्मी भागीदारी झाली. शकुंतलेच्या काळी कच्चा कापूस बाहेर जाई. इथे कापड तयार होऊ लागले, हा फरक मोठा आहे. अशा कारखान्यातून कौशल्य पसरायचे ते नोकरीतून. आणि खासगी कारखान्याला, मग भांडवल देशी असो की परकी, राखीव जागा लागू नाहीत. २००६ च्या सुमारास केंद्राने हा विषय काढला तेव्हा उद्योगपतींच्या संघटनांनी कायदा नको, आम्ही स्वेच्छेने करू, असे सांगितले. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी वृत्तपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त आडनाव बदललेले अर्ज पाठवून पाहिले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार दलित नावाच्या अर्जाला मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावाच्या अर्जापेक्षा स्पष्टपणे कमी होती. कंपनी जात विचारत नाही हे खरेच आहे. अर्जावर आडनाव लिहिलेले असते.

बाबासाहेब उद्योगांचे विरोधक नव्हते, हे या ठिकाणी आठवले पाहिजे. १९१८ सालच्या लहान शेतजमिनींवरील निबंधात शेतीवरचा निरुद्योगी भार उद्योगांनीच कमी होईल असे त्यांनी मांडले. १९४७ मध्ये घटना समितीसाठी केलेल्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत आणि शेती हा सरकारी उद्योग करून जमीन जातिभेद न करता गावकऱ्यांना सामुदायिकरीत्या कसायला द्यावी, असे मागितले. आपल्या रूपकात बोलायचे तर, तलावाबरोबर विहिरीचाही विचार त्यात होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ मध्ये झालेले भूमिहीनांचे सत्याग्रह हे त्याच विहिरीसाठी होते. १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, पण अनेकांच्या नावे सातबारा अजून झालेला नाही. परकीय गुंतवणुकीच्या परिसंवादात गायरानाचा प्रश्न काढला की लोक आपल्याकडे विचित्र नजरेने पाहतात. माझ्या मते त्या परिसंवादाचा पहिला प्रश्न तोच असायला हवा.

जमीन नसली म्हणजे लाभ पोचत नाही, पण विष पोचते. गुलाबी बोंडअळी बीटीला जुमानेनाशी झाली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून शेकडो जणांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. (विषाला औषध म्हणण्याची आपली रीत तेव्हा फार खुपली.) राज्य सरकारने विशेष तपास पथक नेमले आणि काही कीटकनाशकांवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत डायफेन्थियुरॉन होते. स्वित्झर्लंडची सिंजेंटा कंपनी ते पोलो या नावाने भारतात विकत होती. तिच्या स्वतःच्या देशात आणि युरोपीय संघात त्याला परवानगी नव्हती. सप्टेंबर २०२० मध्ये ५१ बाधित कुटुंबांनी स्वित्झर्लंडमधील शासकीय यंत्रणेकडे तक्रार केली आणि दोन विधवा व एक वाचलेला शेतकरी बाझेलच्या न्यायव्यवस्थेपुढे नुकसानभरपाईसाठी गेले. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे.

अशा दाव्यात प्रश्न येतो पुराव्याचा. बाटली शेतमालक विकत आणतो, पावती त्याच्याजवळ असते, दोन-तीन औषधे एकत्र करून पंपात भरलेली असतात, आणि मजुराला पंप पाठीवर घेताना त्यात काय आहे हे ठाऊक नसते. दवाखान्याच्या कागदावर नुसतेच ‘अज्ञात विष’ लिहिले जाते. आपल्या तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आणि राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी निदान एवढे करावे: जुलै ते ऑक्टोबर या काळात फवारणीला जाणाऱ्यांची गाववार यादी ठेवावी, औषधाच्या लेबलाचे छायाचित्र आणि पावतीची नक्कल त्याच दिवशी घ्यावी, आणि कोणी आजारी पडला तर ते कागद घेऊन त्याच्यासोबत दवाखान्यात जावे.