पेठेची तालीम, तालमीची पेठ

‘तालीम’ हा शब्द मूळचा अरबी, अर्थ शिक्षण. मराठीत आल्यावर त्याला दोन घरे मिळाली. नाटकवाले प्रयोगाआधी करतात ती तालीम, आणि पैलवान घाम गाळतात ती वास्तूही तालीमच. कोल्हापुरात या शब्दाला आणखी एक अर्थ आहे, जो बाहेरच्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही. ‘तुमची तालीम कुठली?’ असे तिथे विचारले, तर जन्मात लंगोट न कसलेला माणूसही लगेच नाव सांगतो. तालीम म्हणजे त्याच्या पेठेचा कोपरा, त्याचे मित्रमंडळ, त्याची बाजू.

या तिसऱ्या अर्थामुळेच मी या विषयाकडे वळलो. मी पैलवान नाही आणि विद्यापीठातला अभ्यासकही नाही. नोकरी सांभाळून, सुट्टीच्या दिवशी कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या तालमी आणि जत्रेतली मैदाने पाहत, वस्तादांशी बोलत आणि मिळेल ते वाचत मी हा विषय समजून घेतला. मला पडलेला प्रश्न असा : कुस्ती ही खर्चिक विद्या. दहा-बारा वर्षे अंग मोडून मेहनत करावी लागते आणि शंभरातल्या नव्वद जणांचे तिच्यावर पोट भरत नाही. तरीही ती शिकवणाऱ्या शाळा पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, वाढल्या, त्या कशाच्या जोरावर?

राजाश्रयाचे अर्धे उत्तर

या प्रश्नाला ठरलेले उत्तर आहे ते राजाश्रयाचे, आणि त्याला आधारही भक्कम आहे. राजर्षी शाहू महाराजांनी 1894 ते 1922 या काळात कोल्हापूरला कुस्तीची पंढरी बनवले. पंजाबातले नामांकित मल्ल त्यांनी बोलावले, त्यांना पोसले आणि 1912 साली खासबागेचे गोल, उतरत्या बैठकींचे मैदान उभे केले. मधोमध बसलेल्या हौदातली कुस्ती शेवटच्या रांगेतल्या माणसालाही सारखीच दिसावी, अशी त्याची रचना आहे.

पण महाराज 1922 साली गेले आणि कोल्हापूर संस्थान 1949 मध्ये मुंबई राज्यात विलीन झाले. राजाश्रय हेच एकमेव कारण असते, तर तालमी तिथेच बसायला हव्या होत्या. तसे झाले नाही. खाशाबा जाधवांच्या दोन ऑलिंपिक वाऱ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या की फरक कळतो. 1948 साली लंडनला जाताना त्यांचा भार कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. 1952 साली हेलसिंकीला जायचे ठरले तेव्हा संस्थान उरले नव्हते आणि सरकारी मदत तुटपुंजी होती. मग कराडजवळच्या गोळेश्वरच्या आणि आसपासच्या लोकांनी वर्गणी काढली. राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी राहते घर गहाण ठेवून 7,000 रुपये उभे केले. लंडनला सहाव्या क्रमांकावर राहिलेले खाशाबा हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यामागे खजिना नव्हता. गावची वर्गणी आणि एका शिक्षकाचे घर होते.

चार प्रकारचा हातभार

‘लोकसहभाग’ हा शब्द आता इतका गुळगुळीत झाला आहे की त्यातून काही कळत नाही. तालमीपुरते बोलायचे तर लोकांचा हात चार ठिकाणी लागतो, आणि चारही वेगवेगळे ओळखले पाहिजेत.

पहिला हात जागेचा. तालीम म्हणजे बुटक्या दाराची, जाड भिंतींची खोली, कोनाड्यात मारुती आणि मधोमध मातीचा हौद. हौदातली माती रानातून आणून तशीच टाकलेली नसते. तांबडी माती चाळून तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, काव, कापूर मुरवावा लागतो, तेव्हा ती मऊ राहते आणि खरचटलेल्या अंगाला बाधत नाही. ही सामग्री पूर्वी पेठेतूनच येई. गवळ्याकडून ताक, तेल्याकडून तेल, कुणाची बैलगाडी मातीला. पावती फाडायची गरज नसे. ज्याच्या घरचे ताक त्या मातीत मुरले, त्याचा मुलगा त्या हौदात उतरायचाच.

दुसरा हात खुराकाचा. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटण यांवर पैलवान उभा राहतो, आणि हा खर्च एका सामान्य घराला झेपत नाही. म्हणून गावाकडून तुपाचा डबा येतो, मामा म्हैस बांधतो, एखादा कारखाना किंवा दूध संघ मानधन देतो. वस्ताद मात्र आजही बहुतेक ठिकाणी नाममात्र फीवर किंवा नारळ-फेट्यावर शिकवतो. शिकवणे जवळजवळ फुकट आणि शिकणे महाग, असा हा उलटा व्यवहार आहे. म्हणूनच शिकणाऱ्याच्या पाठीमागे माणसे लागतात.

तिसरा हात मैदानाचा. पश्चिम महाराष्ट्रात गावची जत्रा कुस्तीशिवाय पुरी होत नाही. गाव वर्गणी काढते, पंच जोडी ठरवतात, हलगी कडाडते. दुपारी आधी पोरासोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, मग चढत्या इनामाच्या आणि शेवटी एक नंबरची. जिंकलेला मल्ल मैदानाला फेरी मारतो, तेव्हा लोक त्याच्या हातावर नोटा ठेवतात. शिकाऊ मुलाला वयाच्या आठव्या-दहाव्या वर्षी हजारो माणसांपुढे उतरायला मिळते, आणि हरला तरी मूठभर रेवड्या मिळतात. कोणत्याही कलेच्या शाळेला याहून चांगली पायरी बांधता आलेली नाही.

चौथा हात नजरेचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. मैदानातल्या प्रेक्षकाला ढाक, कलाजंग, घिस्सा, एकेरी पट ओळखता येतात. पैलवान वेळ काढतोय की संधी शोधतोय, हे कट्ट्यावरच्या म्हाताऱ्याला हौदातल्या पंचाइतकेच कळते. आधी ठरवून केलेली लढत, जिला आपण ‘नुरा कुस्ती’ म्हणतो, ती अशा लोकांपुढे फार वेळ लपत नाही, हुर्यो उडते. विद्येचा दर्जा राखणारी परीक्षा ही होती आणि परीक्षक सारे गाव.

तालमीने पेठेला काय दिले

हे सारे एकतर्फी असते तर टिकले नसते. तालमीनेही पेठेला परतफेड केली. रात्रीची राखण, लग्नकार्यातली अंगमेहनत, आगीत आणि पुरात धावून जाणारी पोरे हे तालमीचे देणे होते. 2019 च्या महापुरात कोल्हापुरात माणसे बाहेर काढायला आणि जेवण पोचवायला तालमी आणि तरुण मंडळे पुढे होती.

त्याहून खोल देणे म्हणजे एकत्र येण्याची जागा. अंगाला माती लागली की जात दिसत नाही, असे पैलवान सांगतात. व्यवहारात ते नेहमीच पुरते खरे ठरले असे नाही, पण वस्तादाचा धर्म आणि पठ्ठ्याचा धर्म वेगळा असणे इथे नवलाचे नव्हते. कोल्हापुरात काळाइमाम, बाबूजमाल अशी तालमींची नावे आहेत. अनेक तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही. दोन्ही सण एकाच सुमारास आले, तर एकाच छताखाली दोन्हींची व्यवस्था होते. पुण्याच्या गुरुजी तालमीचा गणपती मानाचा तिसरा; त्याच्या स्थापनेतही हिंदू आणि मुसलमान वस्तादांची नावे एकत्र सांगितली जातात. ही एकजूट सभेत ठराव करून आलेली नाही. पहाटे एकाच हौदात झटापट करणाऱ्यांच्या अंगवळणी ती पडली होती.

नाव राहिले, हौद बुजला

इथवरची गोष्ट ऐकायला गोड आहे. पुढची तितकी नाही.

पेठेने तालमीला इतके आपले मानले की तालीम पेठेच्या सगळ्या हौसेमौजेची धनी झाली. कोल्हापुरात फुटबॉल रुजला तोही तालमींच्याच नावाने. पाटाकडील तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम ही नावे आज शाहू स्टेडियमवर घुमतात. या संघांमागे अख्खी पेठ उभी असते, झेंडे लागतात, वर्गणी जमते. फुटबॉल वाढला याचा आनंदच आहे. पण तालमीच्या नावाने जयघोष करणाऱ्या मुलांना मी विचारत गेलो की तुमच्यातले कितीजण हौदात उतरलेत, तेव्हा बहुतेक ठिकाणी उत्तर हसण्यावारी गेले. काही तालमींत हौद बुजून वर फरशी आली आहे, कुठे तिथे व्यायामाची यंत्रे आहेत, कुठे मिरवणुकीचे सामान. मंडळ जोरात आहे, पण शिकणारे कोणी नाही.

मग कुस्ती कुठे राहिली? मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी यांसारख्या ज्या तालमींत मुले मुक्कामाला राहतात, तिथे. पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणारी, लढतीनंतर स्वतःच स्वयंपाक रांधणारी ही मुले बहुतांशी शहराबाहेरची आहेत. ही परंपरा जुनीच. 1959 चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे सीमाभागातल्या एकसंब्याचे, 1960 चे हिंदकेसरी गणपतराव आंदळकर शिराळ्याजवळच्या पुनवतचे. दोघेही कोल्हापूरच्या मातीत घडले, आणि आंदळकरांनी पुढे मोतीबागेत वस्ताद म्हणून पिढ्या घडवल्या. शहरातल्या तालमीची खरी पेठ हळूहळू गावोगाव पसरली. तुपाचा डबा तिथून येतो, जत्रेची जोडी तिथे ठरते, पारखी नजरही तिथेच उरली आहे.

थोडक्यात, पेठेकडे नाव राहिले आणि गावांनी माती सांभाळली. लोकांचा नुसता पाठिंबा मोजला तर दोन्ही प्रकारच्या तालमी यशस्वी दिसतात. विद्या पुढे कुणाच्या हातून गेली हे पाहिले, तरच फरक कळतो.

गावांचा हा आधारही अभंग नाही. 2020 आणि 2021 मध्ये साथीमुळे जत्रा बंद पडल्या, तेव्हा मैदाने गेली आणि इनामेही गेली. खुराकाचा खर्च मात्र थांबला नाही. कितीतरी मुले गावी परतून शेतात राबू लागली, त्यातली काही पुन्हा आलीच नाहीत. दुसरी अडचण गादीची. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते, महाराष्ट्र केसरीतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात. माती पेठेला घरच्या ताक-तेलावर राखता येत होती. गादी विकत आणावी लागते आणि तिची किंमत लाखांच्या घरात जाते. हातभाराची जागा पैशाने घेतली की दाराशी आधी देणगीदाराचा फलक येतो आणि मग देणगीदाराचे राजकारण. हे टाळायचे तर गादीचा खर्चही अनेकांच्या छोट्या वाट्यांत विभागावा लागेल. खाशाबांच्या तिकिटासाठी नेमके तेच झाले होते.

अर्धी पेठ बाहेर

आणखी एक हिशेब मांडायला हवा. ज्या पेठेने तालीम पोसली असे आपण म्हणतो, तिच्यातल्या बायकांनीही तूप कढवले, बदाम वाटले, लंगोट धुतले. तालमीची पायरी चढायची मुभा मात्र त्यांना नव्हती. महाराष्ट्र केसरी पुरुषांसाठी 1961 साली सुरू झाली. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी 2023 साली सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मधली 62 वर्षे पेठेतली अर्धी माणसे फक्त खुराक पुरवत राहिली. आता कागल तालुक्यातल्या मुरगूडसारख्या ठिकाणी मुली नेटाने कुस्ती शिकत आहेत. हौदात उतरणारे कमी झाल्याची खंत करणाऱ्या वस्तादांनी हे दार आधी उघडावे, असे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. काहींना पटले, काहींनी चहा मागवून विषय बदलला.

नव्या शाळांसाठी

आज गावोगावी कराटे, ज्युदो, मर्दानी खेळ यांचे वर्ग निघतात. महिन्याची फी, पट्ट्याची परीक्षा, भिंतीवर प्रमाणपत्र. दोन-तीन वर्षांत बरेचसे बंदही पडतात. पालक फी भरतात, पण सोडायला येऊन दारातूनच परत जातात. आपले मूल काय शिकते आहे हे त्यांना ओळखता येत नाही, म्हणून कंटाळा आला की ते मुलाला काढून घेतात. अशा शिक्षकांना मी एवढेच सुचवतो की वर्षातून दोनदा चौकात पोरांच्या लढती लावाव्यात, बघणाऱ्यांना डावाचे नाव सांगावे, आणि हरलेल्यालाही मूठभर रेवड्या द्याव्यात. जागा आणि पैसा नंतर येतो. आधी बघणाऱ्याची नजर तयार व्हावी लागते.

आणि जुन्या तालमींपुरते म्हणाल, तर हौदात दरवर्षी नवी माती टाकावी लागते. गाडी कुणाची, ताक कुणाच्या घरचे, फावडे कुणाच्या हातात, एवढे त्या दिवशी उभे राहून पाहिले तरी ती तालीम आणखी किती वर्षे चालेल, याचा अंदाज बांधता येतो.