ग्राहकाचे हक्क आणि दक्षता : लेखांक ६ — मुदत संपलेला माल

गेल्या लेखांकात आपण वेष्टनावरील निव्वळ वजन आणि कमाल किरकोळ किंमत यांचा विचार केला. त्याच वेष्टनाच्या एखाद्या दुमडीत, पुष्कळदा फिकट शाईने उमटवलेली जी तारीख असते, तिचा विचार आज करावयाचा आहे.

वाणी पुडी बांधून देत असे त्या काळी मालाच्या ताजेपणास तो स्वतःच जामीन असे, कारण नाराज झालेले गिऱ्हाईक उद्या कोणत्या दुकानाची पायरी चढेल हे त्यास पक्के ठाऊक असे. सुपरमार्केटमध्ये माल मांडणारा आणि पैसे घेणारा या दोघांचीही गिऱ्हाइकाशी ओळख नसल्यामुळे ती जामीनकी आता छापील मजकुराकडे आलेली आहे.

हा मजकूर दोन प्रकारचा असतो. ‘बेस्ट बिफोर’ ही तारीख गुणवत्तेची होय. ती उलटल्यावर बिस्किटाचा खुसखुशीतपणा किंवा मसाल्याचा सुवास उणावेल, परंतु तेवढ्याने पदार्थ अपायकारक ठरतोच असे नाही. ‘एक्स्पायरी’ अथवा ‘यूज बाय’ ही तारीख मात्र निर्वाणीची होय. तिच्यानंतर तो पदार्थ विकताच येत नाही. वेष्टनावर काय छापावे यासंबंधी २०२० साली जे विनियम झाले, त्यांनी ही दुसरी तारीख सक्तीची केली आणि पहिली ऐच्छिक ठेवली.

तथापि या तारखेची ग्वाही सशर्त असते, ही गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. पनीर, दही, गोठवलेले वाटाणे यांची मुदत ठरविताना ते विवक्षित तापमानात राहतील असे गृहीत धरलेले असते. शीतपेटी रात्री बंद ठेवण्याचा प्रघात जेथे असेल तेथे तारीख शिल्लक असूनही माल बिघडू शकतो, आणि फुगलेले पाकीट किंवा वितळून पुन्हा गोठल्याने एकजीव झालेला वाटाण्यांचा गोळा ही त्याची उघड लक्षणे होत. केवळ वासावर विसंबणेही धोक्याचे, कारण लिस्टेरियासारखे काही रोगजंतू थंडाव्यातही वाढतात आणि आपल्या अस्तित्वाची वर्दी नाकास देत नाहीत.

दुकानदाराची ठरावीक सबब अशी की, ‘माल आम्ही बनवत नाही.’ अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याच्या कलम २७ने ही सबब निकालात काढली असून, मुदतीनंतर विकलेल्या पदार्थाबद्दल खुद्द विक्रेता जबाबदार धरला आहे. मांडणी न पाहता घरबसल्या माल मागविणाऱ्यांसाठीही अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२४च्या नोव्हेंबरात ऑनलाइन विक्रेत्यांना असे बजावले की, माल हाती पडतेवेळी त्याची ३० टक्के मुदत, अथवा मुदत संपण्यास ४५ दिवस, तरी शिल्लक असावेत.

मग कायदा असूनही मुदतबाह्य माल फळीवर टिकतो कसा? तक्रार करताच व्यवस्थापक हसतमुखाने पाकीट बदलून देतो, आपले समाधान होते आणि प्रकरण मिटते. मात्र त्याच खोक्यातून निघालेली उरलेली पाकिटे, ज्यास वाचता येत नाही किंवा ज्यास वाचण्याइतकी सवड नाही अशा पुढच्या गिऱ्हाइकाची वाट पाहत तेथेच राहतात. म्हणून सवलतीच्या जोडपाकिटातील दोन्ही तारखा पाहाव्यात, तारखेवर चिकटवलेली किमतीची चिठ्ठी संशयास्पद मानावी, आणि मुदतबाह्य माल आढळल्यास पाकीट व तारीख यांचे छायाचित्र घ्यावे, खरेदी झाली असल्यास पावती जपावी, आणि जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी अर्ज द्यावा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही त्यासाठी खुला आहे. बदलून मिळालेल्या पाकिटाने एका घराचे नुकसान टळते. फळीची झडती मात्र अर्ज दाखल झाल्यावरच होण्याचा संभव असतो.

पुढील लेखांकात : हलवायाकडील सुट्या मिठाईची मुदत.